टेबलटॉप आरपीजीत जखमा कशा चालवायच्या? आधी बरं व्हायचा नियम ठरवा

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन, डाइस टाकत गोष्ट रंगवायचा खेळ. त्यातली गोष्ट आणि राक्षस चालवतो तो डीएम, म्हणजे डन्जन मास्टर. नवीन डीएम झालेले जवळपास सगळे एकच प्रश्न विचारतात, की कॉम्बॅट जास्त डेंजर कसं करू, प्लेयर्स घाबरतच नाहीत राव. आणि मग त्यावर उपाय म्हणून राक्षसाचा डॅमेज वाढवतात, नाहीतर कुठूनतरी क्रिटिकल हिटचा, म्हणजे जबर बसलेल्या वाराचा, टेबल डाउनलोड करतात ज्यात डाइस वाईट पडला की थेट हातच तुटतो. दोन सेशन धमाल येते, तिसऱ्यात कोणाचातरी लाडका फायटर कायमचा एका हाताचा होतो, तो प्लेयर खट्टू होऊन मोबाईल काढून बसतो आणि चौथ्या सेशनपासून तो क्रिटिकलचा टेबल गुपचूप गायब. कोणी विषयसुद्धा काढत नाही.

माझं म्हणणं असं की हे सगळं उलट्या टोकानं सुरू होतंय. जखम किती मोठी वाटेल हे वार करताना ठरतच नाही, ती भरायला काय काय लागतं त्यावर ठरतं. पाच पॉइंटचा फटका महिनाभर भरून येत नसेल तर तो भारी आहे, आणि पन्नास पॉइंटचा फटका एका झोपेत साफ होत असेल तर तो कितीही रंगवून सांगा, प्लेयरच्या लेखी ते खरचटणंच. म्हणून आधी बरं व्हायचा नियम पक्का करा, मग जखमेच्या नियमाकडे या. कसं ते खाली सांगतो, उदाहरणं बहुतेक डीअँडडीच्या, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या, फिफ्थ एडिशनची आहेत कारण आपल्याकडे सुरुवात बहुतेकांची तिथूनच होते, पण बाकीच्या गेम्समधून उचलण्यासारखं बरंच आहे.

एचपी म्हणजे रक्त नाही

एचपी म्हणजे हिट पॉइंट्स, फटका बसला की कमी होणारा पात्राचा आकडा, शून्यावर गेला की पात्र आडवं. हा आकडा म्हणजे रक्त नाही, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भांडणं मिटतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ ला आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन दोघांचा. त्याच्या आधी गायगॅक्सचा चेनमेल नावाचा लुटुपुटीच्या लढायांचा गेम होता, १९७१ चा, त्यात साधा सैनिक एका फटक्यात खलास. सैन्य हलवताना ते ठीक आहे, पण एकच पात्र घेऊन बसलेल्या माणसाला एका डाइसवर घरी पाठवलं की तो परत येत नाही. आर्नेसननं मग युद्धनौकांच्या गेममधली आयडिया उचलली, अमेरिकेतल्या सिव्हिल वॉरच्या लोखंडी जहाजांचे नियम होते त्याच्याकडे, जहाज बुडेपर्यंत किती फटके खातं हा हिशोब त्यानं माणसाला लावला. म्हणजे एचपी जन्माला आले तेच खेळ लांबवण्यासाठी, डॉक्टरकी दाखवण्यासाठी नाही.

पुढे १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये गायगॅक्सनं हे अगदी आकडे मांडून समजावलंय. दहाव्या लेव्हलचा फायटर, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) १८, त्याचे सरासरी ९५ एचपी. आता ९५ एचपी म्हणजे काय तो हत्ती झाला का? नाही. त्यातले थोडेच खऱ्या शरीराचे, बाकी नशीब, कसब, शेवटच्या क्षणी मान खाली घालणं, देवाची कृपा वगैरे. चाळीस-पन्नास एचपी गेले तरी अंगावर ओरखडे आणि मुका मार एवढंच असं त्याचं म्हणणं होतं. गंमत म्हणजे इतकं लिहूनही आज इतक्या वर्षांनी प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी विचारतंच, 'अरे त्याला सहा बाण लागलेत, तो चालतोय कसा?' चालतोय कारण सहा बाण लागलेच नाहीत, तू चुकीचं नॅरेट केलंस.

तर नॅरेशनची ही पद्धत धरा. निम्मे एचपी जाईपर्यंत शरीराला खरं काही झालेलंच नाही. वार ढालीवर बसला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या, पाय घसरला, दम लागला, चिलखताला पोचा आला, जास्तीत जास्त मुका मार. निम्म्याच्या खाली गेल्यावर पहिलं रक्त दाखवा, भुवईवर चीर पडली आणि डोळ्यात रक्त उतरतंय, बरगडीत कळ येतेय. फोर्थ एडिशननं २००८ मध्ये या निम्म्याच्या रेषेला 'ब्लडीड' असं नावच दिलं होतं आणि २०२४ च्या नव्या नियमांत ते परत आलंय, ते बरं झालं. आणि शून्यावर आणणारा जो शेवटचा फटका असतो तोच एकटा खऱ्या अर्थानं लागतो. तिथे घाई करू नका. तिथे दोन वाक्यं नीट बोला, कारण सगळ्या लढाईतली हीच एक खरी जखम आहे आणि आधीच्या प्रत्येक हिटला तुम्ही आतडी बाहेर काढत असाल तर इथे बोलायला काही उरत नाही.

मराठीत टेबल चालवत असाल तर आपल्याकडे शब्दांची कमी नाहीये, उगाच 'यू टेक टेन स्लॅशिंग' म्हणून सोडून देऊ नका. लचक भरली, सांधा निखळला, टेंगूळ आलं, खपली धरली, जखम चिघळली, पू झाला. क्लेरिक, म्हणजे देवाच्या ताकदीनं बरं करणारं पात्र, जखम बघतोय तेव्हा 'चिघळलीय' एवढं म्हटलं की टेबलावरचे सगळे सावरून बसतात, आकडा सांगायची गरजच पडत नाही.

एकच फटका, चार गेम

आता एक सीन घ्या. भैरू नावाचा फायटर, तिसरी लेव्हल, एकूण २८ एचपी, त्यातले ९ उरलेत. समोर ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. ओगरचा सोटा बसला, डॅमेज १४.

फिफ्थ एडिशनमध्ये काय होतं? भैरू शून्यावर, बेशुद्ध. वरचे ५ पॉइंट वाया गेले, कारण उरलेला डॅमेज त्याच्या पूर्ण २८ एवढा झाला असता तरच तो जागच्या जागी मेला असता. आता त्याच्या प्रत्येक टर्नला डेथ सेव्ह, म्हणजे जगण्या-मरण्याचा रोल, साधा डी२० (वीस बाजूंचा डाइस), दहा किंवा वर आलं तर पास, खाली आलं तर फेल, तीन पास म्हणजे स्थिर आणि तीन फेल म्हणजे संपला. एक आला तर दोन फेल धरायचे, वीस आला तर एक एचपी घेऊन डोळे उघडतो. समजा भैरूला आठ पडले. एक फेल. आणि आता इथे बहुतेक नवीन लोकांना माहीत नसलेली गोष्ट: ओगर शेजारीच उभा आहे, त्यानं पडलेल्या भैरूवर अजून एक वार केला तर त्याला अ‍ॅडव्हांटेज (दोन डाइस टाकून मोठा धरायचा), आणि बेशुद्ध माणसाला पाच फुटांच्या आतून लागलेला वार आपोआप क्रिट, आणि शून्यावर असताना क्रिट म्हणजे दोन फेल. एक अधिक दोन तीन. भैरू मेला, आणि ओगरनं त्यासाठी फक्त एक हिट वापरली. म्हणजे हा गेम वाटतो तितका मऊ नाहीये, डीएम लोक मऊ असतात. पडलेल्यावर वार करायचा की उभ्या असलेल्याकडे वळायचं हा निर्णय तुमच्या हातात आहे, तो प्रत्येक राक्षसासाठी आधीच ठरवून ठेवा. भुकेलेला लांडगा पडलेल्याला ओढून नेईल, भाडोत्री सैनिक उभ्या माणसाकडे वळेल.

पण समजा ओगर वळला. क्लेरिक लांबूनच हीलिंग वर्ड हा बरं करायचा मंत्र टाकते, बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधलं जादा छोटं काम), साठ फुटांवरून चालतं, जुन्या २०१४ च्या नियमात १डी४ (चार बाजूंचा एक डाइस) अधिक मॉडिफायर (पात्राच्या गुणाचा जादा आकडा). भैरूला पाच एचपी मिळाले, तो उठला, तलवार उचलली, पूर्ण ताकदीनं वार केला. पुढच्या फेरीत ओगरनं परत पाडला. परत हीलिंग वर्ड. परत उठला. याला आमच्याकडे उठाबशा म्हणतात. यात कोणाची चूक नाही, नियमच असे आहेत की एक एचपी असलेला माणूस आणि सगळे एचपी असलेला माणूस सारखाच लढतो, त्यामुळे हुशार पार्टी माणूस पडेपर्यंत हीलच करत नाही. आधी हील केलं तर स्पेल वाया. २०२४ मध्ये हीलिंग वर्ड २डी४ आणि क्युअर वूंड्स २डी८ झालंय, तरी मूळ हिशोब तोच.

हाच फटका कॉल ऑफ कथुलूमध्ये बघा. हा केऑसियमचा गेम, १९८१ पासून आहे, त्यात तुम्ही लेखक, प्रोफेसर, पत्रकार असली साधी माणसं असता. सातव्या एडिशनमध्ये कॉन्स्टिट्यूशन आणि साइझची बेरीज भागिले दहा एवढेच एचपी, समजा १२, आणि कितीही अनुभव आला तरी ते वाढत नाहीत. एका वारात १४ म्हणजे एकूण एचपीपेक्षा जास्त, तो गेलाच, सेव्ह वगैरे काही नाही. बरं, दयाबुद्धीनं सात धरू. एका फटक्यात निम्मे किंवा जास्त गेले म्हणजे ती मेजर वूंड, माणूस आडवा, आणि शुद्धीवर राहायला कॉन्स्टिट्यूशनचा रोल. खरी मजा पुढे आहे. फर्स्ट एडनं एक एचपी परत येतो, तोही तासाभराच्या आत केलं तर. मेडिसिन स्किलनं १डी३, त्याला निदान तासभर लागतो. साध्या जखमेला रोज एक एचपी भरून येतो, पण मेजर वूंड असेल तर आठवड्यातून एकदा रोल, जमला तर १डी३. म्हणजे भैरू आता पंधरा-वीस दिवस खाटेवर, आणि तेवढ्यात समोरचा कल्ट, म्हणजे गुप्त पंथ, गप्प बसणार नाहीये. बघा, डॅमेज सातच होता, पण टेबलावरची भीती कितीतरी जास्त. कारण भरायला आठवडे लागतात.

फेट कोअर, २०१३ चा, इव्हिल हॅटचा. नियम फुकट वाचायला मिळतात. इथे फटका पाच शिफ्टचा समजू, शिफ्ट म्हणजे फटक्याचं माप. एक शिफ्ट स्ट्रेसच्या चौकटीत गेला, उरलेल्या चार शिफ्टला भैरूनं मध्यम कॉन्सिक्वेन्स (नाव देऊन लिहायची जखम) घेतला आणि स्वतःच कागदावर लिहिलं: 'डावा खांदा निखळलाय'. हे 'स्वतःच' महत्त्वाचं आहे. डीएमनं लादलं नाही, प्लेयरनं निवडलं, म्हणून त्याला ते आवडतं. ओगरला त्या खांद्याचा एकदा फुकट फायदा घेता येतो, नंतर कोणीही फेट पॉइंट देऊन घेऊ शकतो. भरण्यासाठी आधी कोणीतरी उपचाराचा रोल मारायचा, मध्यमसाठी चार टार्गेट, जमला की जखमेचं नाव बदलायचं, 'खांदा झोळीत बांधलाय', आणि मग एक अख्खं सेशन ते कागदावर राहतं. जखमेचं नाव बदलायची ही पद्धत मला कुठल्याही गेममध्ये घुसडण्यालायक वाटते, काही खर्च नाही आणि बरं होतंय हे डोळ्यांना दिसतं.

ब्लेड्स इन द डार्क, जॉन हार्परचा, २०१७, यात तुम्ही चोरांची टोळी असता. लेव्हल दोनचा हार्म (जखम), 'खांदा फुटला', खांदा आड येईल त्या कामात एक डाइस कमी. पण प्लेयर म्हणू शकतो की नाही, मी रेझिस्ट करतो, डाइस टाकतो, आणि सहातून सगळ्यात मोठा डाइस वजा करून जेवढा उरेल तेवढा स्ट्रेस घेतो. स्ट्रेसच्या नऊ चौकटी, भरल्या की ट्रॉमा, चार ट्रॉमा झाले की पात्र रिटायर. म्हणजे शरीर वाचवलं तर मन झिजतं, कुठेतरी मोजावंच लागतं. आणि बरं व्हायला चोऱ्यांच्या मधल्या वेळेत मिळणाऱ्या दोन कामांपैकी एक खर्च करायचं, कागदावरचं चार भागांचं घड्याळ (काम होईल तसं रंगवत जायचं) भरलं की प्रत्येक जखम एक पायरी खाली. दोन कामांत स्ट्रेस घालवायचा की जखम भरायची की स्वतःचा प्रोजेक्ट पुढे न्यायचा, इथे प्लेयर्स अक्षरशः दहा दहा मिनिटं वाद घालतात.

किंमत कशात घ्यायची

या चारही गेम्समध्ये बरं होण्याची किंमत आहे, फक्त चलन वेगळं. फिफ्थ एडिशनमध्ये ती एक बोनस अ‍ॅक्शन आणि स्पेल स्लॉट (दिवसाच्या मोजक्या मंत्रांपैकी एक), आणि रात्रीची आठ तास झोप झाली की फोन चार्जिंगला लावल्यासारखं सकाळी शंभर टक्के. कथुलूत किंमत दिवसांत. ब्लेड्समध्ये संधीत. तुमच्या टेबलावर कुठलं चलन चालणार ते आधी ठरवा, आणि एकच ठरवा, दोन तीन एकदम लावलीत तर प्लेयर हिशोबनीस होऊन बसतात.

वेळेचं चलन सगळ्यांना पहिलं सुचतं. २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये 'ग्रिटी रिअ‍ॅलिझम' म्हणून पर्याय आहेच, शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची आणि लाँग रेस्ट (सगळं भरून आणणारी) सात दिवसांची. ऐकायला भारी. पण लोक हा नियम लावतात आणि गोष्ट तशीच ठेवतात, रोज तीन लढाया, आणि मग विझार्ड बिचारा दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं फिरतो. हा नियम प्रवासाच्या, गावागावांतल्या राजकारणाच्या कॅम्पेनला शोभतो जिथे आठवड्यातून एखाद दोन लढाया होतात. एकाच भुयारात खाली खाली जायचं असेल तर अजिबात लावू नका.

आणि दुसरं म्हणजे झोपेच्या वेळात जगात काही घडत नसेल तर सात दिवस काय आणि सात मिनिटं काय, प्लेयर म्हणणार 'आम्ही सात दिवस झोपलो, झालं, पुढे'. म्हणून सेशनच्या आधी वहीत चार ओळी लिहा. तिसऱ्या दिवशी डाकू नदीवरचा पूल ताब्यात घेतात. पाचव्या दिवशी सरपंचाचा मुलगा त्यांना जाऊन मिळतो. सातव्या दिवशी पहिली आग लागते. प्लेयर्सना तारखा सांगू नका पण चिन्हं दाखवा, दूरवर धूर, बाजारात मीठ मिळेना, पुलावरून येणारा बैलगाडीवाला या आठवड्यात आलाच नाही. मग भैरूचा प्लेयर स्वतः म्हणतो की अजून चार दिवस पडून राहणं परवडणार नाही, असाच जातो. झालं तुमचं काम. कसलाही टेबल न लावता जखम दुखायला लागली.

पैशाचं चलन लो लेव्हलला छान चालतं. हीलिंग पोशन २डी४ अधिक २ बरं करतं आणि पन्नास गोल्ड लागतात, पहिल्या दुसऱ्या लेव्हलच्या पार्टीला ते जड आहे. पाचव्या लेव्हलनंतर विसरा. रिव्हिव्हिफाय हा मेलेल्याला उठवायचा मंत्र आला की तीनशे गोल्डचे हिरे आणि एक मिनिटाच्या आत पोचायचं, इथे खरा लगाम पैसा नसून हिरा मिळतो कुठे हा आहे. माझ्या जगात हिरे फक्त एका व्यापारी घराण्याकडे मिळतात आणि ते उधारीवर देतात. उधारी फार कामाची गोष्ट आहे डीएमसाठी.

फिफ्थ एडिशनसाठी माझं पॅकेज

सिस्टिम बदलायला ग्रुप तयार नसतो, हे मला माहितीये, पुस्तकं महाग आहेत आणि निम्म्यांनी आत्ताच कुठे स्वतःचा क्लास (पात्राचा प्रकार) पाठ केलाय. तर आहे त्याच गेममध्ये हे करून बघा.

शून्यावर गेलात की एक लेव्हल एक्झॉशन, म्हणजे थकवा. बास. एवढ्यानं उठाबशा थांबतात. २०२४ च्या नियमांत एक्झॉशनची प्रत्येक लेव्हल म्हणजे प्रत्येक डी२० च्या रोलला उणे दोन आणि स्पीड पाच फुटांनी कमी, सहाव्या लेव्हलला मरण, हिशोब सोपा आहे म्हणून तोच घ्या, बाकी नियम २०१४ चे वापरत असाल तरीही. लाँग रेस्टला एकच लेव्हल उतरते, त्यामुळे एका लढाईत तीनदा पडलेला माणूस तीन दिवस रडत असतो आणि क्लेरिक पडायच्या आधी हील करायला शिकते. पाथफाइंडरच्या सेकंड एडिशननं, २०१९ च्या, हेच 'वूंडेड' नावाच्या कंडिशननं केलंय, दर वेळी पडून उठलात की पुढच्या पडण्यात मरणाच्या एक पायरी जवळ, आणि दहा मिनिटं कोणी नीट मलमपट्टी केली की ते उतरतं. तेही चोरण्यासारखं आहे.

दुसरं, रात्रभर झोपून एचपी भरत नाहीत, फक्त हिट डाइस (बरं व्हायला टाकायचे, पात्राच्या लेव्हलइतके डाइस) परत येतात, एचपी हवे असतील तर ते डाइस खर्च करा. हा पर्याय २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्येच आहे, मी काही शोध लावलेला नाही. आणि हिट डाइस वापरायचा असेल तर हीलर्स किटचा एक वापर जातो, हासुद्धा त्याच पुस्तकातला. किट पाच गोल्डला, दहा वापर. अचानक पार्टी बाजारात पट्ट्या विकत घेताना दिसते, मेडिसिन स्किल घेतलेल्या माणसाला भाव येतो. नाहीतर मेडिसिन ही त्या गेममधली सगळ्यात बिचारी स्किल आहे, टार्गेट दहाचा रोल मारून पडलेल्याला स्थिर करायचं, आणि तेच काम स्पेअर द डाइंग कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा छोटा मंत्र) बिनबोभाट करतो.

इथे हीलरच्या माणसाबद्दल थोडं. प्रत्येक ग्रुपमध्ये 'मी नाही हीलर होणार' हे वाक्य होतंच, आणि शेवटी जो सगळ्यात उशिरा येतो त्याच्या गळ्यात क्लेरिक पडते. बरं होणं महाग केलंत तर या माणसावरचं प्रेशर वाढतं हे लक्षात ठेवा, सगळे त्याच्याकडेच बघणार. फोर्थ एडिशनला शिव्या घालणारे खूप आहेत पण हीलिंग सर्ज ही त्यांची कल्पना याच दुखण्यावरचा उपाय होती, प्रत्येकाच्या बरं होण्याचा साठा त्याच्या स्वतःच्या कागदावर, हीलर फक्त तो उघडायला मदत करतो. हिट डाइसचा नियम लावलात की साधारण तेच होतं. लावाच.

कायमच्या जखमा

२०१४ च्या गाइडमध्ये लिंगरिंग इंज्युरीजचा डी२० टेबल आहे. एक आला तर डोळा जातो, दोनला हात, तीनला पाय, आणि सतरा किंवा पुढे छोटा वण. डाइसनं ठरवलेला डोळा कोणालाच आवडत नाही. माझा नियम असा की तिसरा डेथ सेव्ह फेल झाला की प्लेयरला विचारायचं: मरतोस, की जगतोस आणि काहीतरी कायमचं देतोस? काय द्यायचं ते त्यानंच सांगायचं, टेबलनं मान्य करायचं. लोक स्वतःहून इतकं भारी काहीतरी देतात की डीएमला सुचलंच नसतं. आवाज गेला. देवावरचा विश्वास गेला. बापाची तलवार त्या दरीत राहिली. शरीराचंच काही जायला पाहिजे असं थोडंच आहे?

आणि हे सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू करायच्या आधीच्या बैठकीत, बोलून घ्या, लाजू नका. टेबलावर कोणाच्या घरी कोणी अ‍ॅडमिट असू शकतं, कोणाचा नुकताच अ‍ॅक्सिडेंट झालेला असू शकतो, आणि सगळे जण ते सांगतात असं नाही. काय अजिबात दाखवायचं नाही आणि काय पडद्याआड ठेवायचं एवढं विचारलं तरी खूप. शिवाय कोणी प्लेयर स्वतः व्हीलचेअरवर असेल आणि तुम्ही पाय जाणं ही शिक्षा म्हणून वापरताय, तर जरा विचार करा की त्याला काय ऐकू येतंय. पाय गेलेला फायटर पुढच्या महिन्यात वेगळ्या पद्धतीनं लढत असला पाहिजे, कोपऱ्यात बसवून ठेवलेला नको.

मनाच्या जखमांना हे दुप्पट लागू. कथुलूत सॅनिटी (मनाचं भान मोजणारा आकडा) आहे, एका झटक्यात पाच किंवा जास्त पॉइंट गेले की बुद्धीचा रोल मारायचा आणि तो जमला तर माणूस ढासळतो, कारण त्याला समजलं की त्यानं काय बघितलंय. जमला नाही तर वाचला. फार सुंदर नियम आहे. पण मग प्लेयर जे 'वेडा झालो' म्हणून डोळे फिरवून हसवायला लागतात ते थांबवा. हात थरथरतोय, दिवा विझवून झोप येत नाही, एवढं पुरतं.

घसरगुंडी

जखमेमुळे रोलला उणे लावायचं असेल तर एक धोका सांगून ठेवतो. व्हॅम्पायर द मास्करेडमध्ये, १९९१ च्या, हेल्थच्या सात पायऱ्या आहेत, खाली जाल तसे डाइस कमी. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये प्रत्येक जखमेला उणे एक. खरं वाटतं, पण ज्याला पहिला फटका बसला तो हळूहळू हरतच जातो, आणि निकाल माहीत असलेली लढाई अजून पाऊण तास डाइस टाकत बसायचं. यावर माझा तोडगा साधा आहे, लढाई चालू असताना उणे नाही, अंगात रग असते तेव्हा कळत नाही. लढाई संपली, श्वास खाली बसला की मग दुखायला लागतं, आणि उणे तिथून पुढे चालू. भिंत चढताना, रात्री पहारा देताना, सरदारासमोर ताठ उभं राहताना. आपल्याला हवी असलेली जागा तीच आहे.

अगदीच साधं आणि फुकट काहीतरी हवं असेल तर केर्न बघा, २०२० चा छोटासा गेम. त्यात एचपी म्हणजे हिट प्रोटेक्शन, म्हणजे वार चुकवायची ताकद, दोन क्षण टेकून घोटभर पाणी प्यायलं की सगळी परत. त्याच्या पलीकडचा डॅमेज थेट स्ट्रेंथमधून जातो आणि ती भरायला वैद्याकडे आठवडाभर पडून राहायचं. एचपी बरोब्बर शून्यावर आले तर स्कार्सच्या (वणांच्या) टेबलवर रोल, आणि त्यातले काही स्कार्स पात्राला पुढे चांगलेच पडतात. वर जे पान पान लिहिलं त्यातलं निम्मं त्यांनी तीन ओळींत बसवलंय.

राहता राहिला मेलेल्या पात्राचा प्लेयर. कितीही काळजी घेतलीत तरी कधीतरी कोणीतरी मरणार, आणि तो संध्याकाळी सात वाजता मेला आणि सेशन दहाला संपणार असेल तर तीन तास तो भजी खात बसणार नाही. त्याच्या हातात लगेच ओगरचा कागद द्या, 'आता तू खेळव याला'. मित्राच्या पात्राला हाणायला मिळतंय म्हटल्यावर दुःख निम्मं होतं. लढाई संपली की पार्टीतला कोणीतरी साधा माणूस, हमाल, वाटाड्या, सोडवलेला कैदी, तात्पुरता त्याच्याकडे, नावं आणि दोन-दोन स्टॅट्स आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवा. आणि नवीन पात्र बनवायची घाई त्याच रात्री करू नका, दोन दिवसांनी फोन करा आणि मग विचारा.